दुसऱ्या वर्षाचं प्रोग्रॅमिंग: वही, पेन्सिल आणि मेमरीचे डबे

सेकंड इयरला असताना मी यावल तालुक्यातल्या माझ्या काकांसाठी केळीच्या हिशोबाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. भाव क्विंटलला 1850 रुपये, वजन 37 किलो, तर रक्कम किती? काकांनी तोंडी सांगितलं, साडेअठरा रुपये किलो, म्हणजे सहाशे साडेचौऱ्याऐंशी. माझ्या प्रोग्रॅमनं सांगितलं 666.

ओळ अशी होती: रक्कम = भाव / 100 * वजन. दिसायला बरोबर. पण भाव, वजन, रक्कम हे सगळे इंट, म्हणजे पूर्णांकाचे, होते. सी भाषेत इंटला इंटनं भागलं की दशांश गळून पडतो. 1850 भागिले 100 म्हणजे 18, आणि 18 गुणिले 37 म्हणजे 666. साडेअठरा रुपये कुठेही एरर न येता हवेत गेले.

मग मी गुणाकार आधी घेतला: भाव * वजन / 100. घरी 684 आलं, म्हणजे निदान रुपये तरी बरोबर आले. तोच प्रोग्रॅम कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बो सीवर (आपला कोड मशीनच्या भाषेत आणणारा जुना कम्पायलर) चालवला तर उत्तर आलं 29. टर्बो सीमधला इंट दोन बाइटचा असतो, त्यात 32767 च्या पुढचा आकडा मावत नाही. 1850 गुणिले 37 होतात 68450. त्यातून 65536 वजा झाले, उरले 2914, त्याला शंभरनं भागून 29.

एकाच हिशोबाची तीन उत्तरं, आणि तिन्ही वेळा कम्पायलर गप्प. पहिल्या वर्षाचं आणि दुसऱ्या वर्षाचं प्रोग्रॅमिंग वेगळं होतं ते इथे. पहिल्या वर्षी आउटपुट आलं की काम झालं. आता प्रत्येक ओळीनंतर मशीनच्या मेमरीत नेमकं काय बदललं, हे तुम्हाला कागदावर दाखवता आलं पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या ज्या पोरापोरींचं पहिलं वर्ष नुकतंच संपलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. तुमचा अभ्यासक्रम लोणेरेच्या विद्यापीठाचा असो की जळगावच्या, हा भाग सगळीकडे सारखाच आहे.

(पैशांच्या हिशोबाचं उत्तरही आत्ताच घ्या. रुपये फ्लोटमध्ये, म्हणजे दशांशाच्या प्रकारात, ठेवू नका, सगळं पैशांत ठेवा. साडेअठरा रुपये म्हणजे 1850 पैसे, गुणिले 37, म्हणजे 68450 पैसे. दाखवताना शंभरनं भागून रुपये आणि बाकी काढून पैसे छापा. 0.1 दहा वेळा मिळवून बरोबर 1 आलं का, हे डबल (फ्लोटहून मोठा दशांश प्रकार) घेऊन तपासा. नाही येत, कारण 0.1 बायनरीत नेमका लिहिताच येत नाही.)

पहिली पायरी: अवजार बदला

टर्बो सी घरी वापरू नका. ते आलं त्या काळात सी प्लस प्लसचं पहिलं प्रमाणीकरणही झालेलं नव्हतं, ते 1998 साली झालं. लॅबमध्ये आणि प्रॅक्टिकलच्या परीक्षेला तेच असेल तर तिथे क्लिअर स्क्रीन, गेट-सीएच या त्याच्या खास आज्ञा मुकाट्यानं लिहा, मार्क घ्या. घरी मात्र जीसीसी हा फुकटचा कम्पायलर. विंडोजवर कोडब्लॉक्स घेतलं तर त्याच्यासोबत जीसीसी असलेली आवृत्तीही मिळते. लॅपटॉप नसेल तरी अडत नाही. अँड्रॉइड फोनवर टर्मक्स टाका, त्यात क्लँग कम्पायलर फुकट बसतो. गावाकडे शेतीच्या फीडरवर रात्री लाइट येते आणि घरची जाते, अशा ठिकाणी फोनवरचा कम्पायलर फार कामाला येतो.

अवजार बदललं की लगेच एक सवय लावा. कम्पाइल करताना वॉर्निंग पूर्ण चालू ठेवायच्या. जीसीसीला डॅश, मोठा डब्ल्यू आणि ऑल असा पर्याय देतात. सोबत डॅश जी द्या, म्हणजे पुढे डीबगर (चूक शोधायला प्रोग्रॅम ओळीओळीनं थांबवणारं अवजार) वापरता येतो. इफमध्ये दोन बरोबरच्या चिन्हांऐवजी एकच टाकलं, तर कम्पायलर एरर देत नाही, निमूटपणे किंमत बदलून टाकतो. वॉर्निंग चालू असेल तर तिथल्या तिथे ओरडतो. वॉर्निंग शून्य झाल्याशिवाय प्रोग्रॅम चालवायचा नाही, हा नियम मी आजही पाळतो.

दुसरी पायरी: एरर वाचायला शिका

मराठी माध्यमातून आलेली बरीच पोरं लाल अक्षरं दिसली की स्क्रीन वर सरकवतात आणि शेजाऱ्याला विचारतात, "काय व्हयनं रे भो?" इंग्रजीची भीती असते, दुसरं काही नाही. रोज भेटणारे संदेश मोजून पंधरा-वीस आहेत. वहीच्या मागच्या पानावर ते इंग्रजीतून जसेच्या तसे उतरवा आणि समोर आपल्या भाषेत अर्थ लिहा. महिन्याभरात पाठ होतात.

वाचताना फक्त पहिली एरर पाहा. चाळीस एरर आल्या तरी बहुतेक वेळा पहिली दुरुस्त केली की तीस गायब होतात. आणि ओळीचा नंबर दाखवला त्याच्या वरची ओळही बघा. बाराव्या ओळीत सेमीकोलन राहिला तर बोंब बऱ्याचदा तेराव्या ओळीवर असते. अनडिफाइन्ड रेफरन्स आलं तर वाक्यरचनेत चूक नसते. फंक्शन जाहीर केलंय पण त्याची बॉडी लिंकरला (प्रोग्रॅमचे तुकडे जोडणाऱ्या अवजाराला) सापडत नाहीये, असा त्याचा अर्थ. सेगमेंटेशन फॉल्ट आला तर कम्पायलरचा संबंध संपला. प्रोग्रॅम चालता चालता अशा मेमरीला हात लावायला गेला जी त्याची नव्हतीच.

तिसरी पायरी: डबे काढा

पॉइंटरवर, म्हणजे दुसऱ्या डब्याचा पत्ता ठेवणाऱ्या डब्यावर, पोरं अडतात. अडायचं कारण एकच, पॉइंटर डोक्यात समजून घ्यायचा प्रयत्न. तो कागदावर समजतो.

दोन आकड्यांची अदलाबदल करणारं फंक्शन घ्या. मेनमध्ये अ मध्ये 5, ब मध्ये 9. फंक्शनला दोन्ही दिले, आत तात्पुरता तिसरा डबा घेऊन अदलाबदल केली, परत आलो आणि छापलं. अ अजूनही 5, ब अजूनही 9. असं का, हे तोंडी सांगू नका. पेन्सिल घ्या.

पानाच्या वरच्या भागात दोन चौकोन काढा. एकावर नाव अ, आत 5, खाली पत्ता 2000. दुसऱ्यावर ब, आत 9, पत्ता 2004. मध्ये आडवी रेघ मारा. रेघेखाली फंक्शनचं घर. तिथे दोन नवे चौकोन: क, पत्ता 3000, आणि ख, पत्ता 3004. फंक्शन बोलावलं तेव्हा 5 आणि 9 या किमतींची नक्कल या नव्या चौकोनांत पडली. आता अदलाबदल करा. क मध्ये 9, ख मध्ये 5. फंक्शन संपलं, रेघेखालचं सगळं खोडून टाका. वर पाहा. अ आणि ब ला कोणी हातच लावला नाही.

आता दुसरं पान. या वेळी क मध्ये 5 न लिहिता 2000 लिहा, ख मध्ये 2004. हा पॉइंटर. फंक्शनमध्ये क समोर तारा लावला की त्याचा अर्थ, "क मध्ये लिहिलेल्या पत्त्यावर जा आणि तिथलं बघ." बोट 2000 वर न्या, तिथे 5 आहे. तात्पुरत्या डब्यात 5 ठेवा, 2000 वर 9 लिहा, 2004 वर 5 लिहा. रेघेखालचं खोडा. वरचे डबे बदललेले आहेत.

हे चित्र दहा वेगवेगळ्या प्रोग्रॅमसाठी काढा. ॲरे फंक्शनला दिला तर डब्यांची नक्कल होत नाही, पहिल्या डब्याचा पत्ता जातो, हेही याच चित्रात दिसतं. पॉइंटरचा पॉइंटर आला तरी चित्र तेच राहतं, फक्त एका पत्त्यावर दुसरा पत्ता सापडतो. मला हे कुणी पान काढून दाखवलं असतं तर माझं एक अख्खं सेमिस्टर वाचलं असतं.

चौथी पायरी: लिंक्ड लिस्ट, भुसावळच्या यार्डातून

भुसावळला डबे जोडताना कधी पाहिलं असेल. मधे नवा डबा घालायचा तर आधी काय करायचं? कपलिंग सोडलं आणि मागचे डबे कशालाच बांधलेले नसले तर ते उतारावर चालते होतील.

लिंक्ड लिस्टमध्ये प्रत्येक नोड, म्हणजे डबा, आपल्या नेक्स्टमध्ये पुढच्याचा पत्ता ठेवतो; नवा नोड घालताना नेमकी हीच चूक होते. आधीच्या नोडचा नेक्स्ट थेट नव्याकडे वळवला की पुढच्या साखळीचा पत्ता हरवतो, तो कोणाकडेच लिहिलेला राहत नाही. म्हणून क्रम असा: आधी नव्याचा नेक्स्ट पुढच्या नोडला जोडा, मगच आधीच्याचा नेक्स्ट नव्याकडे वळवा. ओळी दोनच आहेत, पण त्यांची अदलाबदल केली की अर्धी गाडी गेली.

डिलीट लिहिताना चार प्रसंग वहीत मांडल्याशिवाय कोड लिहू नका: लिस्ट रिकामी आहे, एकच नोड आहे, पहिला नोड काढायचाय, शेवटचा काढायचाय. मधला नोड सगळ्यांनाच जमतो. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एक्स्टर्नल विचारतात ते या चारांतलंच.

नोड मॅलॉकनं (चालू प्रोग्रॅममध्ये मेमरी मागून) घेतला असेल तर काढल्यावर फ्री करा, म्हणजे मेमरी परत द्या. फ्री करण्याआधी त्याचा नेक्स्ट दुसऱ्या पॉइंटरमध्ये उचलून ठेवा. फ्री झालेल्या नोडमधून नेक्स्ट वाचला तर कधी कधी चालतोही, आणि हेच घातक आहे. तुमच्याकडे चालतो आणि सबमिशनच्या दिवशी सरांच्या मशीनवर कोसळतो. लिनक्स असेल तर व्हॅलग्रिंड वापरा, नाहीतर कम्पायलरचा ॲड्रेस सॅनिटायझर चालू करा. फ्री झालेल्या मेमरीला कोणत्या ओळीनं हात लावला, ते दोन्ही नंबरासकट सांगतात.

पाचवी पायरी: रिकर्शन, आणि मोजायची सवय

रिकर्शन म्हणजे फंक्शननं स्वतःलाच बोलावणं. फॅक्टोरियलपासून (1 पासून त्या आकड्यापर्यंतचा गुणाकार) सुरुवात करा, पण तिथेच थांबू नका. चार बाइटच्या इंटमध्ये 12 चा फॅक्टोरियल मावतो, 479001600. 13 चा साधारणपणे येतो 1932053504. हा आकडा भरवशाचा दिसतो, उणे चिन्हही नाही. पण विचार करा, 13 पर्यंतच्या गुणाकारात 10 आहे, 5 आणि 2 ही आहेत, म्हणजे शेवटी शून्यं हवीतच. शेवटी 04 आलं म्हणजे उत्तर चूक. खरं उत्तर 6227020800. आउटपुटवर अशी नजर टाकायची सवय लागली पाहिजे.

मग फिबोनाची (प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज) रिकर्शननं लिहा आणि फंक्शन किती वेळा बोलावलं जातं ते एका ग्लोबल काउंटरनं मोजा. 40 व्या आकड्यासाठी 33 कोटी 11 लाख 60 हजार 281 वेळा. तेच साध्या लूपनं चाळीस फेऱ्यांत होतं. आलेली उत्तरं ॲरेत जपून ठेवली तर रिकर्शननंही तेवढ्यातच भागतं. डायनॅमिक प्रोग्रॅमिंग हे भारदस्त नाव पुढे भेटेल, त्याचं मूळ एवढंच आहे.

सॉर्टिंगमध्येही आधी मोजा. दहा लाख आकडे बबल सॉर्टनं लावायचे तर सुमारे 500 अब्ज तुलना, मर्ज सॉर्टनं साधारण दोन कोटी. लावून झालेल्या दहा लाखांत बायनरी सर्चनं एक आकडा शोधायला जास्तीत जास्त वीस तुलना पुरतात. बिग ओची (आकडे वाढले की काम किती वाढतं ते सांगणाऱ्या खुणेची) व्याख्या पाठ करण्याआधी हे आकडे स्वतःच्या काउंटरनं पाहिले की व्याख्या आपोआप लक्षात राहते.

सहावी पायरी: ग्राफ, आपल्याच नकाशावर

ग्राफ म्हणजे ठिकाणं आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा. पुस्तकातले ए, बी, सी, डी सोडा. नऊ गावं घ्या: भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव, मनमाड, धुळे, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार. आधी फक्त रेल्वे जोडा. भुसावळ–जळगाव, जळगाव–पाचोरा, पाचोरा–चाळीसगाव, चाळीसगाव–मनमाड, चाळीसगाव–धुळे, आणि सुरत लाइनवर जळगाव–अमळनेर, अमळनेर–दोंडाईचा, दोंडाईचा–नंदुरबार. मधली छोटी स्टेशनं सोडून दिली आहेत.

आता धुळ्याहून नंदुरबारला बीएफएसनं, म्हणजे आधी जवळची सगळी गावं आणि मग त्यांच्या पुढची असं शोधत, जा. चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार. सहा टप्पे, अख्खा खान्देश पालथा. धुळ्याचा कोणताही माणूस असं जात नाही, तो एसटीत बसतो. म्हणून दोन रस्ते वाढवा: धुळे–दोंडाईचा आणि धुळे–अमळनेर. पुन्हा बीएफएस चालवा. क्यूमध्ये (रांगेत) धुळे, त्याला बाहेर काढलं की चाळीसगाव, दोंडाईचा, अमळनेर आत. दोंडाईचा बाहेर आलं की नंदुरबार दिसलं. दोन टप्पे.

प्रत्येक गावाला "इथे आलो होतो" अशी खूण ठेवायची विसरलात आणि वाट नसलेलं एखादं दहावं गाव शोधायला सांगितलंत, तर प्रोग्रॅम धुळे-अमळनेर-धुळे असा फिरत राहील. ही चूक एकदा मुद्दाम करून बघा. क्यूच्या जागी स्टॅक (शेवटी आलेलं आधी बाहेर) लावून डीएफएस, म्हणजे एकच वाट शेवटपर्यंत धरणारा शोध, करा आणि गावं कोणत्या क्रमानं निघतात ते शेजारी लिहा.

बीएफएस टप्पे मोजतं, किलोमीटर नाही. किलोमीटर हवे असतील तर डाइक्स्ट्राचा अल्गोरिदम लागतो. एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी तो 1956 साली ॲमस्टरडॅममध्ये कॉफी पिताना वीसेक मिनिटांत, कागद-पेन्सिलीशिवाय रचला आणि 1959 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्यासमोरचा प्रश्नही आपल्यासारखाच होता, रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जवळची वाट कोणती. आपण मात्र कागद घेऊनच बसू. प्रत्येक जोडणीवर नकाशावरून मोजून अंतर लिहा आणि हातानं एकदा सोडवा, मग कोड.

सातवी पायरी: डीबगर आणि गिट

जागोजागी प्रिंटएफ टाकून चूक शोधणं वाईट नाही, सुरुवात तिथूनच होते. पण आठवड्याभरात जीडीबी या डीबगरच्या चार आज्ञा शिका: ब्रेक, नेक्स्ट, प्रिंट आणि बॅकट्रेस. ब्रेकनं हव्या ओळीवर थांबता येतं, नेक्स्टनं एकेक ओळ पुढे, प्रिंटनं डब्यात काय आहे ते दिसतं, आणि सेगमेंटेशन फॉल्टनंतर बॅकट्रेसनं कोण कोणाला बोलावून इथवर आलं ते कळतं. वहीत काढलेले डबे आणि जीडीबीतले डबे जुळवून पाहा. जिथे जुळत नाहीत तिथे चूक आहे.

गिटबद्दल, म्हणजे कोडची प्रत्येक आवृत्ती जपणाऱ्या अवजाराबद्दल, थोडक्यात, पण कळकळीनं. थर्ड इयरला आमच्या मिनी प्रोजेक्टचा सगळा कोड एका पेनड्राइव्हवर होता. सबमिशनच्या आदल्या दिवशी लॅबमधल्या व्हायरसनं त्यातल्या फाइली खाल्ल्या. तिघांनी रात्रभर बसून आठवून आठवून लिहिलं, निम्मंच झालं. लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये लिनक्सच्या कामासाठी बनवलेलं गिट फुकट आहे. ॲड, कमिट, पुश या तीन आज्ञा आल्या तरी तुमचं काम दुसऱ्या ठिकाणी सुरक्षित राहतं. कमिटचा संदेश मराठीत लिहिलात तरी चालतो: "शेवटचा नोड काढताना नल तपासला."

जर्नल आणि व्हायवा

सीनियरचं जर्नल उतरवून काढायची पद्धत आहे, ती मी नाकारत नाही. लिहायला वेळ नसतो. पण उतरवायचंच तर एक अट स्वतःला घाला: प्रत्येक प्रोग्रॅममध्ये एक गोष्ट बदलायची आणि आउटपुट काय येईल ते आधी वहीत लिहायचं. चढता क्रम असेल तर उतरता करा. स्टॅक ॲरेनं असेल तर लिंक्ड लिस्टनं करा. अंदाज चुकला की तिथेच अर्धा तास बसा.

शिकायला साधनं आहेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये सी आणि सी प्लस प्लसचे धडे मराठी आवाजातही आहेत. इंग्रजी व्याख्यान झेपत नसेल तर तिथून सुरू करा. पाया झाला की एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे डेटा स्ट्रक्चर्सचे अख्खे कोर्स मोफत बघता येतात. एका वेळी एकच घ्या आणि एकाच भाषेत राहा. सी अर्धवट सोडून पायथन, ते सोडून जावा, असं करणाऱ्यांना तिन्हींत फक्त फॉर लूप येतो.

शेवटची पायरी: मे महिन्याचा प्रोजेक्ट

उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी बाहेर पडायची सोय नसते. तेव्हा घरातलाच एक खरा हिशोब घ्या. केळी, कापूस, दूध, किराणा उधारी, काहीही. पण ज्याचा आकडा चुकला तर घरचं कोणीतरी लगेच सांगेल असाच घ्या.

केळीचा घेतलात तर पहिल्या आठवड्यात स्ट्रक्ट (एका नोंदीतले रकाने) ठरवा: तारीख, गाडी, वजन किलोत, भाव पैशांत. नोंदी लिंक्ड लिस्टमध्ये ठेवा. दुसऱ्या आठवड्यात त्या फाइलमध्ये लिहा आणि परत वाचा. अर्धवट लिहिलेल्या ओळीला प्रोग्रॅम कोसळता कामा नये. ते तपासायला फाइल उघडून मुद्दाम एक ओळ मोडून ठेवा. तिसऱ्या आठवड्यात तारखेनुसार लावा, मर्ज सॉर्ट स्वतः लिहून. त्यानंतर मागच्या वर्षीच्या पावत्या आणा आणि एकेक करून घाला.

मी माझा प्रोग्रॅम दुरुस्त करून काकांकडे पुन्हा नेला तेव्हा त्यांनी पावत्यांची पिशवीच पुढ्यात ओतली. दोन पावत्यांचा आकडा जुळेना. मी कोड तपासत बसलो आणि काका पावती तपासत बसले. एक चूक माझ्या फाइल वाचण्यात होती, शेवटची ओळ दोनदा मोजली जात होती. दुसरी पावतीतच होती.